निरीक्षण क्रमांक एकेचाळीस

"पदर लावा नाकाले, बाई. मंगच आत या."

दुर्पताबाईंनी पत्र्याचं दार पायानं ढकललं आणि त्या बाजूला झाल्या. मी पदर लावला नाही. चार वर्षं त्या कारखान्यात काढली होती. इथं वास येऊन येऊन कसला येणार, गुळाचा आणि भाजलेल्या राजगिऱ्याचाच ना, असं मनात म्हटलं. एक पाऊल आत टाकलं आणि तसंच मागे घेतलं.

खवट तेलाचा वास होता. त्याच्याखाली ओल्या पोत्यांचा, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर, कपाटामागे उंदीर मरून पडल्यावर येतो तसा.

"म्हटलं होतं न," दुर्पताबाई म्हणाल्या.

पॅकिंगच्या हॉलमागची ती खोली. कारखान्याच्या नकाशावर तिथं 'रिकामे क्रेट' असं लिहिलेलं होतं. मी दर तिमाहीला त्या नकाशावर सही करत आले होते, खोलीत मात्र कधी आले नव्हते. आत छतापर्यंत पोती रचलेली. दुकानांतून परत आलेला माल. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याचा चिवडा, उपवासाची भाजणी. सगळ्यांची मुदत उलटून गेलेली. खाली प्लास्टिक अंथरून दोघी बायका पाकिटं फाडत होत्या. लाडू हातानं कुस्करायचे आणि मोठ्या चाळणीत टाकायचे. एकीनं बोटाला गुंडाळून एक लांब पांढरं जाळं ओढून काढलं, भिंतीला पुसलं. भिंतीवर तशी पुष्कळ जाळी वाळलेली होती.

"आन हे पाहा."

चाळणीखालच्या परातीत अळ्या वळवळत होत्या. पिवळसर, तांदळाएवढ्या.

"बारीक बारीक खाली पडते. मोठ्या हातानं येचतो," दुर्पताबाई शांतपणे म्हणाल्या, तूर निवडण्याबद्दल सांगावं तसं. "मंग तो भुगा निळ्या टोपल्यात. एका पाकात दोन टोपले."

"पाकात?"

"नव्या लाडवाच्या पाकात, बाई. चला, दाखवतो."

मी गेले. पाकाच्या कढईशी उभी राहिले. निळी टोपली आली, पालथी झाली, वरून ताजा राजगिरा पडला, उलथनं फिरलं. बघता बघता सगळं एका रंगाचं झालं.

त्या दिवशी संकष्टी होती. पितृपक्षातली, नवरात्राच्या आधीची. मी बाहेरचं अन्न घेत नाही, बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. त्याला एकच सूट होती, आमच्या कारखान्याचा राजगिऱ्याचा लाडू. इथलं शुद्ध असतं, मी स्वतः तपासते, असं मी सगळ्यांना सांगत असे. देवापुढे नैवेद्यालाही तोच. दुपारी डब्यातल्या दोनपैकी एक लाडू मी खाल्ला होता.

हातपाय धुण्याच्या नळाशी जाऊन मी ओकले. दुर्पताबाईंनी पाठ चोळली नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कवापासून सांगीन सांगीन करून रायली होती. श्रावण लागला तवापासून चालू हाये. आता नवरात्राचा माल तं डबल. लेकरं खाते, बाई. पोटुशा बाया खाते."

तोंड पुसत मी म्हटलं, "मला हे लिहावं लागेल."

"लिहा न. त्याच्यासाठीच तं बोलावलं."

"गंभीर म्हणून लिहायचं तर माझ्याशिवाय आणखी एक साक्षीदार लागतो. नाव टाकावं लागतं."

त्यांनी पॅकिंगच्या हॉलकडे पाहिलं. तिथं साठ बायका जाळीच्या टोप्या घालून खाली मान घालून काम करत होत्या. "दुर्पता सुखदेव तायडे," त्या म्हणाल्या. "लिहा. तुमी आहा न संग?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

हे तीन शब्द मी बोलले. हळू बोलले, माझा आवाज मुळातच लहान आहे. पण बोलले.

*

अमरावतीच्या एमआयडीसीतला तो कारखाना. मी तिथं अंतर्गत ऑडिटला होते. हिशेबाचं ऑडिट नव्हे, स्वच्छतेचं आणि कामाच्या पद्धतीचं. पूर्वी एक जाडजूड रजिस्टर असे. त्या वर्षी रजिस्टर गेलं आणि सिस्टम आली. दसऱ्याची वाट न पाहता आमच्या देशकर साहेबांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि म्हणाले, "आता लपवाछपवी संपली. जे लिहिलं ते राहिलं."

ते खरं होतं. सिस्टमची पद्धत सोपी होती. मी जे पाहीन ते निरीक्षण म्हणून नोंदवायचं. त्याला क्रमांक पडायचा आणि लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा. मग ते पुनर्विलोकनाला देशकर साहेबांकडे जायचं. त्यांनी पाहिलं की संबंधित खात्याकडे, उत्तरासाठी. उत्तर आलं की बैठक, बैठकीत ठरलं की बंद. आणि एका कोपऱ्यात 'इतिहास' नावाची खिडकी होती. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, ते सगळं तिथं साठत जायचं.

सोमवारी संध्याकाळी मी निरीक्षण क्रमांक एकेचाळीस नोंदवलं. "दुकानांतून परत आलेला, मुदत संपलेला, अळ्या पडलेला माल चाळून ताज्या लाडवांच्या पाकात मिसळतात. प्रत्यक्ष पाहिले." रंग लाल, म्हणजे गंभीर. खोलीचे, चाळणीचे, परातीचे फोटो जोडले. साक्षीदाराच्या चौकटीत दुर्पताबाईंचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. मग घरी जाऊन आंघोळ केली, चंद्रोदयाची वाट पाहिली, आणि जेवले नाही.

मंगळवारी देशकर साहेबांनी बोलावलं. हे आमचे ऑडिट आणि गुणवत्तेचे प्रमुख. गोरे, कपाळाला बारीक गंध, बोलणं मधासारखं. माझ्याशी तर फारच मऊ बोलायचे.

"बसा, खानझोडे मॅडम. फार प्रामाणिकपणे लिहिलंय तुम्ही. फक्त भाषा थोडी बघू या."

त्यांच्या स्क्रीनवर माझं निरीक्षण उघडं होतं. त्यांनी चष्मा लावला.

"'अळ्या' हा शब्द बरोबर नाही."

"साहेब, अळ्याच होत्या."

"असतीलही. पण प्रयोगशाळेनं म्हटलंय का अळ्या? आपण 'जैविक घटक' लिहू." त्यांनी लिहिलं. "'मिसळतात' हा तर आरोप झाला. 'मिसळले जाण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.' कसं वाटतं?"

"मी पाहिलंय, साहेब."

"हो हो. आणि ते 'प्रत्यक्ष पाहिले' काढू. तुम्ही पाहिल्याशिवाय लिहिता का कधी? ते वेगळं कशाला?" त्यांनी तेही काढलं. मग रंगाच्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि लाल. मॅडम, लाल झालं की सिस्टममधून आपोआप वर जातं. वरून माणसं येतील, कुलूप लागेल. आत साठ बायका आहेत. साठ चुली. नवरात्राच्या तोंडावर. तुम्ही देवाधर्माच्या बाई. तुम्हाला मी काय सांगणार?"

मला वाद सहन होत नाही. लोक त्याला सौम्य स्वभाव म्हणतात.

"परवाच्या बैठकीत उत्पादनाच्या झोपाट्यांचं उत्तर ऐकून घेऊ, साक्षीदार बाईंचं ऐकू, तुम्ही तुमचं सांगा. तुम्ही तेव्हा ठाम राहिलात, तर मी स्वतः परत लाल करतो. मग तर झालं?"

परवाचा म्हणजे गुरुवार. ते बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील, असं मी धरून चालले, कारण बैठक शुक्रवारी होती. आणि गुरुवारी माझं मौन असतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत. अकरा वर्षं चालू होतं. टेबलावर मी एक पुठ्ठा उभा करून ठेवत असे, 'आज मौन'. सकाळी लाल वहीत एकशे आठ वेळा नाम लिहायचं, एकच वेळ फळं किंवा लाडू, आणि तोंडातून शब्द नाही. काम असलं तर चिठ्ठी लिहायची. ऑफिसातली पोरं चेष्टा करायची. "मॅडम, आज फोन आला तर आम्ही तुमच्या वतीनं गप्प बसतो." मी हसत असे.

बुधवारी दुपारी बैठकीची तारीख बदलली. शुक्रवारची गुरुवार झाली, सकाळी अकरा.

*

बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं होतो. देशकर साहेब, उत्पादन पाहणारे झोपाटे, मी, आणि दाराशी उभ्या दुर्पताबाई. त्यांना कोणी बस म्हटलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर निरीक्षण क्रमांक एकेचाळीस दिसत होतं, पिवळं. मध्ये टेबलावर स्टीलच्या ताटलीत राजगिऱ्याचे सहा लाडू. ते प्रत्येक बैठकीत असायचे.

"तायडेबाई," देशकर साहेब म्हणाले, "आज खानझोडे मॅडमचं मौन आहे. त्यामुळे आपणच बोलू. हे तुम्ही सांगितलं?"

"म्या सांगतलं. आन बाईनं डोयानं पायलं."

झोपाट्यांनी खुर्ची मागे रेलली. "काय पाहिलं? ती खोली खराब माल नष्ट करायची आहे. नष्ट करायच्या आधी पाकिटं फोडावीच लागतात. ह्यांना काय समजतं त्यातलं?"

"नष्ट कराले चाळणी कायले लागते, सायेब?"

देशकर साहेब खोकले.

"आन टोपले कढईकडं जाते ते? पाकात नष्ट करता काय?"

"जास्त बोलू नका. गेल्या महिन्यात उशिरा आल्या म्हणून मी ताकीद दिली होती ह्यांना, साहेब. त्याचा राग आहे हा."

"राग असता तं म्या लाडवाचं कायले सांगतलं असतं? तुमचंच नसतं काय सांगतलं?"

एरवी मला हसू आलं असतं. माझ्या मांडीवर लाल वही होती, तिच्यात पेन. सकाळी लिहिलेल्या एकशे आठ नामांची शाई पुरती वाळली होती. पुढचं पान कोरं होतं. 'मी पाहिले' एवढे दोन शब्द लिहून वही टेबलावर उलटी सरकवायला किती वेळ लागला असता? मौनात लिहायला बंदी नव्हती. मी दर गुरुवारी लिहीत असे: 'स्टेपलर द्या', 'पंखा कमी करा'.

दुर्पताबाई टेबलाजवळ आल्या. "इतकं चांगलं हाये तं खाऊन दाखवा न, सायेब. हा हाये न लाडू. याच पाकातला."

झोपाटे म्हणाले, "मला शुगर आहे."

"तुमी खा, मोठे सायेब."

"माझा आज उपवास आहे, बाई. गुरुवार."

"मंग? उपासाचाच हाये न लाडू!"

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. देशकर साहेबांच्या गोऱ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मला वाटलं, संपलं, झालं हिचं काम. आता मी काही केलं नाही तरी चालेल.

दुर्पताबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा. बोलता येत नसंल तं मान तं हालवा. म्या लबाड बोलतो काय?"

मी त्यांच्या टोपीकडे पाहत राहिले. जाळीच्या टोपीतून एक पांढरी बट बाहेर आली होती.

"बाई. मान."

"तायडेबाई, मॅडमच्या व्रतात व्यत्यय आणू नका," देशकर साहेब म्हणाले, अगदी मऊ आवाजात. त्यांचा रंग परत जागेवर आला होता. त्यांनी ताटली दोन बोटांनी ढकलली. ती टेबलाच्या काचेवरून घसरत माझ्यासमोर येऊन थांबली. "पण तुमचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. खाऊनच दाखवायला पाहिजे. आणि ह्या कारखान्यात उपवासाला हा लाडू वर्षानुवर्षं कोण खातं? मॅडम खातात. बाहेरच्या पाण्याला न शिवणाऱ्या मॅडम. त्यांना शंका असेल तर त्या खाणारच नाहीत. बोलायची गरजच नाही. घ्या, मॅडम. घ्यायचा असेल तरच."

तिघंही माझ्याकडे पाहत होते.

मान हलली नाही. वही उघडली नाही. हात मात्र उठला. तो माझाच हात होता. जपाची माळ धरताना तर्जनी टेकवायची नाही, अशी सवय असलेला. त्यानं लाडू उचलला. मी एक घास तोडला आणि चावला.

लाडू चांगला लागला. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खवट नव्हता, कचकच नव्हती. वेलची होती, जायफळ होतं. जिभेला काहीच कळलं नाही. डोळ्यांपुढे परात होती, परातीतलं वळवळणारं पिवळं होतं, आणि तोंडात गोड होतं. मी गिळलं. मग दुसरा घास घेतला, कारण अर्धा लाडू हातात घेऊन बसणं बरं दिसलं नसतं.

देशकर साहेब की-बोर्डवर वाकले. जे लिहीत होते ते वाचूनही दाखवत होते, म्हणजे कोणाची हरकत असली तर लगेच कळावी. "साक्षीदाराचे म्हणणे ऐकले. पुष्टी झाली नाही. लेखापरीक्षक उपस्थित होत्या. त्यांनी बैठकीत... उत्पादनाची चव घेऊन... समाधान व्यक्त केले. परत आलेल्या मालाच्या नोंदी अद्ययावत ठेवण्याची सूचना खात्यास दिली. निरीक्षण बंद."

पडद्यावरचा पिवळा चौकोन हिरवा झाला.

"तायडेबाई, तुम्ही आता घरी जा. कळवू आम्ही," झोपाटे म्हणाले.

दुर्पताबाईंनी डोक्यावरची जाळीची टोपी काढली. घडी घातली. ताटलीतल्या पाच लाडवांशेजारी ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "खा, बाई, खा. उपास हाये तुमचा."

आणि गेल्या.

संध्याकाळी मी घरी दिवा लावला, मौन सोडलं. सोडताना तोंडातून पहिलं नाम यावं असा माझा नेम होता. नाम आलं. आणि मला माझ्याच आवाजाची किळस आली. स्वच्छ, गोड, हळू आवाज. कोणाचंही मन न दुखवणारा. मी बोटं घशात घातली. काही पडलं नाही. सकाळचं पचलं होतं.

*

शुक्रवारी मी आठ वाजताच ऑफिसात गेले. हरकत नोंदवायची असं ठरवून गेले होते. आंघोळ करताना वाक्यंसुद्धा तयार केली होती. निरीक्षण उघडलं. बंद झालेल्या निरीक्षणात काही लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी चौकटीवर बोट ठेवून पाहिलं. चौकट राखाडी होती.

मग मी इतिहासाची खिडकी उघडली. देशकर साहेबांनी काय काय बदललं ते छापून घ्यावं, म्हणून. सगळं होतं. सोमवारी माझा 'अळ्या', मंगळवारी त्यांचा 'जैविक घटक'. 'मिसळतात' गेल्याची वेळ. 'प्रत्यक्ष पाहिले' गेल्याची वेळ. लाल गेल्याची वेळ. प्रत्येक ओळीपुढे त्यांचं नाव. वाचताना मला बरं वाटत होतं. ह्या माणसानं केलं सगळं. ह्याचा मऊ आवाज, ह्याचं गंध, ह्यानं मुद्दाम माझ्या मौनाचा दिवस गाठला.

तेवढ्यात पुढची ओळ आली.

'बैठकीची तारीख शुक्रवारऐवजी गुरुवार. प्रस्ताव: र. देशकर. मान्यता: हेमलता खानझोडे. बुधवार, तीन वाजून बारा मिनिटे.'

ते मी विसरले नव्हते. मी फक्त तिकडे पाहत नव्हते. वर लिहिताना बघा, इथंही मी 'तारीख बदलली' असंच लिहिलंय. आपोआप बदलते जणू.

बुधवारी दुपारी सिस्टमनं मला विचारलं होतं. 'गुरुवारी चालेल का?' खाली दोन बटणं, 'मान्य' आणि 'अमान्य'. अमान्य दाबलं असतं तर नियमाप्रमाणे बैठक शुक्रवारीच राहिली असती. कारणसुद्धा द्यावं लागत नव्हतं. मी ती दोन बटणं थोडा वेळ पाहिली. गुरुवार म्हणजे मौन. मौन म्हणजे मला बोलावं लागणार नाही. झोपाट्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागणार नाही, देशकर साहेबांना दुखवावं लागणार नाही, आणि दोष कोणी देणार नाही, कारण व्रत आहे. छातीवरून काहीतरी उतरावं तसं झालं. मला हायसं वाटलं. आणि मी 'मान्य' दाबलं. मग लाल वही काढून अकरा नामं जास्तीची लिहिली.

मी कागद छापला नाही. खिडकी बंद केली.

*

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर वडाळीच्या बाजूला दुर्पताबाईंचं घर शोधत गेले. त्या अंगणात गोधडी पसरून टाके घालत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"या. सुटलं काय मौन?"

"गुरुवारीच सुटलं. दिवा लावल्यावर."

"बरं झालं."

त्यांनी बस म्हटलं नाही. मी गोधडीच्या कडेला जमिनीवर बसले. कारखान्यातून निरोप आला होता. उद्यापासून येऊ नका, एवढाच. बावीस वर्षांनंतर. तिथली टोपीसुद्धा त्या देऊन आल्या होत्या.

"मी अन्न-औषधवाल्यांच्या ऑफिसात अर्ज देणार आहे," मी म्हटलं.

"द्या."

"तुमचं नाव..."

"माझं नाव नोका लिहू. एक डाव लिहिलं तेवढं पुरे."

अर्ज मी दिला, माझ्या एकटीच्या नावानं. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला त्यांचा माणूस आला. तो येण्याआधी गेटवर फोन आला होता. खोलीला चुना लागला होता, आत रिकामे क्रेट रचले होते, नकाशावर होते अगदी तसे. तोवर लाडवांच्या गाड्या जिल्हाभर गेल्या होत्या. दिवाळीच्या आधी मी नोकरी सोडली. निरीक्षण क्रमांक एकेचाळीस अजूनही तिथं हिरवं असेल. आणि त्यात माझं समाधान.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मी फक्त अर्ज देण्याचं सांगायला गेले नव्हते. सांगायचं होतं ते दुसरंच, आणि ते तोंडाशी येऊन थांबत होतं. दुर्पताबाईंची सुई वर-खाली होत होती.

"त्या लाडवाचं..." मी म्हटलं.

"जाऊ द्या. भेव सगळ्याइलेच लागते. एखाद्या दिशी माणसाचं तोंड नाई उघडत. तुमचा तं नेमच पडला. त्या मोठ्या सायबानं मुद्दाम धरला तो दिवस. म्या सुनेले हेच सांगतलं, बाईचा तरी काय दोष, म्हणलं."

इथं थांबता आलं असतं. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"बैठक गुरुवारी ठेवायची का, असं मला बुधवारी विचारलं होतं," मी म्हटलं. "मीच हो म्हटलं."

सुई थांबली.

"तुमाले आदल्या दिशी मालूम होतं?"

"हो."

"नाई म्हणता येत होतं?"

"येत होतं."

"मंग काऊन नाई म्हटलं नाई, बाई?"

मी गोधडीकडे पाहत राहिले. जुन्या लुगड्यांचे चौकोन होते. एक हिरवा, एक विटकरी, एक पुन्हा हिरवा. दुर्पताबाई वाट पाहत होत्या.

त्या दिवशी शनिवार होता. मौन नव्हतं.

आतून त्यांची सून बाहेर आली. पाहुणी आली म्हणून रीतीप्रमाणे स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन. मला पेला देणार तेवढ्यात दुर्पताबाईंनी हात आडवा केला.

"त्या नाई घेत बाहेरचं."

"द्या," मी म्हटलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. "मी घेते. द्या मला."

दुर्पताबाईंनी सुनेच्या हातातून पेला घेतला. माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. परातीकडे पाहत होत्या तसंच, शांतपणे.

"नोको, बाई. नेम मोडंल तुमचा."

त्यांनी पेला कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला. माती ते लगेच प्याली. मग त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, आणि मला उठून जायला वाट व्हावी म्हणून गोधडी थोडी आपल्याकडे ओढून घेतली.